भाऊ, तुला तर भाकर येत होती!

प्रिय भाऊ,

तू गेलास त्याला सत्तर दिवस झाले. इतके दिवस तुला लिहायचं डोक्यातही आलं नाही. नुसती रडत होते. पण काल अकोल्याला तुझ्या घरी जाऊन आले आणि आज ऑफिसला सुट्टी टाकून सकाळीच वही घेऊन बसलेय. प्रशांत चहा ठेवून गेला, तो गार झाला. मला तुझ्याशी बोलायचंय रे. खरं सांगू का, भांडायचंय. आणि भांडायची वेळ आली तर तू जागेवर नाहीस!

ज्या भावासाठी मी ढसाढसा रडत होते, तो भाऊ तुझ्या घरात कोणाच्याच ओळखीचा नव्हता. हे मला तुझ्या तेरवीच्या दिवशी कळलं. सगळ्यांसमोर कळलं.

जेवणं आटोपली होती. बाया आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या आणि जी ती तुझ्याबद्दल काही सांगत होती. तू पंपाच्या जळालेल्या मोटारी किती इमानदारीनं भरायचास, शेतकऱ्याचा पंप बंद पडला की रविवारीसुद्धा दुकान कसं उघडायचास. मलाही राहवेना. मी म्हटलं, "आमची माय नऊ वर्षं खाटेवर होती. तेव्हा या माणसानं भाकरी थापल्या, धुणं धुतलं, पाणी भरलं. मी शिकावी म्हणून माझ्या वाट्याचं कामही यानंच केलं. मी जमीन मोजणीच्या ऑफिसात खुर्चीवर बसते ते याच्या हातच्या भाकरीवर." आणि मग सवितावहिनीचा हात धरून म्हणाले, "वहिनी, तुमी नशीबवान. असा नवरा हजारात एखादीले भेटते."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. आणि हसल्या.

भाऊ, हसल्या! तेरा दिवसांची विधवा, डोळे सुजलेले, कपाळ मोकळं, आणि ती बाई हसली. मोठ्यानं.

"कोण?" त्या म्हणाल्या. "हे?"

मला वाटलं दुःखानं त्यांचं डोकं फिरलं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली तुझी ऋतुजा म्हणाली, "आत्या, तू दुसऱ्या कोणाचं सांगून राहिली का?"

सतरा वर्षांची तुझी पोरगी. तिच्या आवाजात ना राग होता ना टोमणा. तिला खरंच वाटलं की मी चुकून दुसऱ्याच कोणा माणसाची गोष्ट सांगतेय.

"एकोणीस वर्षांत पाण्याचा गिलास हातानं भरून घेतला नाई त्यायनं," वहिनी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मला काय झालं असेल, सांग बरं! आधी तर रागच आला. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात? मी तुला पाहिलं नव्हतं का? पातूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात मी तुझ्या सोबत नव्हते का?

तू तेरा वर्षांचा होतास, मी नऊ. मायची बोटं संधिवातानं वाकडी झाली, मग गुडघे गेले. बाबा ट्रकवर, घरी आले तर चार दिवस, गेले तर पंधरा. मायची खाट स्वयंपाकघराच्या दारात होती. तिथून ती कामं वाटून द्यायची. आठवते का? सकाळची भाकर तुझी, संध्याकाळची माझी. भांडी माझी, धुणं तुझं. पाणी दोघांनी. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, "पोट्ट्याले कावून चुलीपाशी बसोलं? पोट्टी आहे ना घरात." तर माय काय म्हणाली? "खायले चार तोंडं आहेत, तं करायले एकाच पोट्टीचे हात कावून?" म्हातारी पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

आणि तू! परीक्षा जवळ आली की माझी भांडी गुपचूप घासून टाकायचास. मायला कळू द्यायचा नाहीस, कारण वाटणी मोडलेली तिला आवडायची नाही. एकदा तू हापशीवर मायचं लुगडं धूत होतास, तेव्हा तुझ्या वर्गातली पोरं सायकलींवरून गेली. त्यातला एक ओरडला, "काय गजानन, लुगडं तुझं का?" मी घागर घेऊन बाजूला उभी, लाजेनं मेले होते. तू मान वर न करता म्हणालास, "लुगडं मायचं. अन् माय माही." बस. पोरं निघून गेली. तू लुगडं पिळलंस, एक टोक माझ्या हातात दिलंस. चौदा वर्षांचा होतास तू. मला त्या वेळी वाटलं होतं की माझा भाऊ कोणालाच भीत नाही.

हा भाऊ मला ठाऊक होता. मग वहिनी कोणाबद्दल बोलत होत्या?

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. त्या मोठाली पातेली घासत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, चारचौघांत असं बोलायचं होतं का?"

त्यांनी हात थांबवला नाही. "मले चारचौघांत नशीबवान म्हनायचं होतं का?"

मग त्या आपणहून सांगू लागल्या. तू मारलं नाहीस, शिवी दिली नाहीस. दुकानाची सगळी कमाई त्यांच्या हातात आणून दिलीस. ऋतुजाला रोज शाळेत सोडलंस. "वाईट नोयते ते," म्हणाल्या, "चांगलेच होते. फक्त बसून राहत."

फक्त बसून राहत! भाऊ, हे तीन शब्द मला अमरावतीपर्यंत बसमध्ये ऐकू येत होते.

मग त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांची गर्भपिशवी काढली. डॉक्टरनं दीड महिना वजन उचलू नका म्हटलं होतं. ऋतुजा तेव्हा नववीत. सकाळी पाचला उठून ती पाणी भरायची, भाजी टाकायची, आईला बाथरूमपर्यंत न्यायची, मग शाळेत. आणि तू? तू अंघोळ करून ओसरीत खुर्चीवर बसायचास. ताट येईपर्यंत. चौदा वर्षांची पोरगी तव्याशी झोंबत होती आणि तू बाहेर पेपर वाचत होतास!

त्या महिन्यात मी तुला फोन केला होता. मला नीट आठवतं. मी विचारलं, "वहिनीले जपतो ना? घरचं कोण पाहते?" तू म्हणालास, "सगळं सुरू आहे, तू काळजी नको करू." मी फोन ठेवला आणि प्रशांतला मोठ्या ऐटीत सांगितलं, "भाऊ आहे ना, त्यानं सगळं सांभाळलं असेल." सगळं सुरू आहे! कोणाच्या जिवावर सुरू आहे, हे मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.

ऋतुजाच्या मनगटावर भाजल्याचा लांब डाग आहे. दिवाळीत मी तो पाहिला होता. विचारलं तर तू हसून म्हणाला होतास, "पोट्टी धांदरट आहे." तो डाग त्याच महिन्यातला, भाऊ. तव्याचा.

मला सगळ्यात मोठा धक्का कशाचा बसला सांगू? मला दिसलं कसं नाही याचा. अठरा वर्षं मी राखीला, दिवाळीला तुझ्याकडे येत होते. यायचे आणि तुझ्या शेजारी पलंगावर बसायचे. वहिनी चहा आणून द्यायच्या, पाणी आणून द्यायच्या, गरम पोळी वाढायच्या. मी माहेरवाशीण ना! तूही बसलेला, मीही बसलेली. दोन भावांच्या वाटणीत धुऱ्याची, बांधावरची, वीतभर जमीन इकडची तिकडे झाली तर मला लांबून दिसते. तुझ्या घरात एकच बाई उभी आहे हे दिसलं नाही.

प्रशांतला दिसलं होतं. आमच्या लग्नानंतर चार-पाच वर्षांनी असेल, अकोल्याहून परत येताना तो म्हणाला, "तुझा भाऊ तं घरात काहीच करत नाई." मी इतकी भडकले की चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. कारण त्याला घरकाम शिकवलं ते तुझं नाव घेऊन. चांदूर बाजारचा शेतकऱ्याचा एकुलता एक पोरगा तो, ताट उचलायचीसुद्धा सवय नव्हती. लग्न झालं त्याच आठवड्यात मी त्याला सांगितलं होतं, "माझा भाऊ भाकरी थापते, तं तुले काय धाड भरली?" आज आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक त्याचा, संध्याकाळचा माझा, भांडी आळीपाळीनं. तुझ्यामुळे! तुझ्या गोष्टीवर माझा संसार उभा राहिला आणि तुझ्या बायकोच्या संसारात ती गोष्ट कोणी ऐकलीही नाही!

मी वहिनींना विचारलं, "सुरुवातीपासून असंच?"

त्यांनी पातेलं पालथं घातलं. "नाई," म्हणाल्या. "पयल्या आठवड्यात एक दिवस मी अंघोळ करून आली, तं हे परात घेऊन बसले होते. पीठ काढून. मले इतकी लाज वाटली अन् इतकं बरंबी वाटलं. तेवढ्यात माहा भाऊ आला मोर्शीवरून, संत्रे घेऊन. दारातूनच हाक मारली, 'काय जवाईबाई, झाल्या का भाकरी?' हे उठले, हात धुतले अन् बाहेर गेले. मंग कधी आले नाईत आत."

"जवाईबाई?" मी विचारलं.

"आमच्या मोर्शीले सारे त्यायले तेच म्हनत, ताई. पाठीमागून. कधी तोंडावरबी. लग्नातच कोणीतरी नाव पाडलं म्हनते. कोणं पाडलं कोणाले ठाऊक."

मी तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले.

मला ठाऊक होतं.

तुझं लग्न. मोर्शीचा तो मांडव, उन्हाळ्याची दुपार, वऱ्हाडाची पंगत बसलेली. मी तेवीस वर्षांची, नोकरी लागून चार महिने झालेले, तोंडाला लगाम नाही. वहिनीची काकू वाढता वाढता मला म्हणाली, "आमच्या सवीले भाकर अजून गोल येत नाई बाप्पा, सांभाळून घ्या." आणि मी, तुझी लाडकी बहीण, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, टेन्शनच घेऊ नका! आमच्या घरी भाकरी भाऊच थापते. धुणं भाऊच धुते. तुमाले जवाई नाई भेटला काकू, सून भेटली सून!"

काय हशा झाला! पंगतीच्या त्या टोकाकडून कोणीतरी ओरडलं, "ओ जवाईबाई, एक भाकर इकडेबी येऊ द्या!" लोक जेवायचे थांबून हसत होते. मीसुद्धा हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, मी माझ्या भावाचं कौतुक करतेय. शप्पथ, मला कौतुकच करायचं होतं.

तूही हसलास. मी तुझ्याकडे पाहिलं होतं. तुझ्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. मला वाटलं, ऊन लागलं.

मी त्या दिवशी वहिनींना काही सांगितलं नाही. घाबरले. घरी आले आणि आठ दिवस कोणाशी धड बोलले नाही. चौदाव्या वर्षी तू त्या सायकलवाल्या पोरांना भ्यायला नाहीस. मग सत्ताविसाव्या वर्षी एका थट्टेनं का खचलास? तू तर कोणालाच भीत नव्हतास ना! हेच पुन्हा पुन्हा विचारत होते. प्रशांतला शेवटी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या पोट्ट्यायचं त्याले काय वाटणार होतं? ते परके. हे तू बोलली. ज्याच्यासाठी केलं तेच माणूस हसलं ना."

भाऊ, असंच होतं का? एकदा तरी सांगायचं होतंस! माझ्या कानाखाली वाजवायची होतीस! "ज्योते, तू मले लोकायसमोर नागडं केलं," एवढंच म्हणायचं होतंस. मी मोर्शीच्या त्या प्रत्येक माणसाच्या दारात जाऊन माफी मागितली असती. तू काही बोलला नाहीस. दर राखीला मला ओवाळणी घातलीस, बसला जागा मिळेपर्यंत स्टँडवर थांबलास, आणि मनात हे घेऊन वावरलास. की तुझ्या मनात तसं काही नव्हतंच? फुकट मिळालेला आराम आवडला, आणि मग सोडवला नाही? हेही असू शकतं ना? मला आता कोण सांगणार!

म्हणून काल गेले. म्हटलं, निदान ज्यांनी एकोणीस वर्षं काढली त्यांना तरी खरं कळू दे.

वहिनी हल्ली दुकानात बसतात. तुझ्याकडे काम करणारा कारागीर मोटारी भरतो, वहिनी गिऱ्हाईक पाहतात. दुपारी दोनला त्या घरी आल्या. ऋतुजा होती. मी दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मायची खाट, कामाची वाटणी, लुगडं. आणि मग मांडव. "ते नाव मी पाडलं, वहिनी," मी म्हणाले. "मी हसले म्हणून तो तुमच्या घरात बसून राहिला. तुमची एकोणीस वर्षं माझ्यामुळे गेली."

मला वाटलं होतं त्या रडतील. किंवा मला घराबाहेर काढतील. मनातून मी त्याचीच वाट पाहत होते.

त्या म्हणाल्या, "ताई, तुमी एक डाव हासल्या. ते एकोणीस वर्षं बसले. हे दोन येगयेगळे काम आहेत. एकाचं दुसऱ्यावर टाकू नका."

"पण माझ्यामुळे—"

"लहानपणी ते तुमच्या वाटचे भांडे घासत. आता तुमी त्यायच्या वाटचं पाप घ्याले आल्या का? राहू द्या. ज्याचं त्याच्याजवळ राहू द्या."

भाऊ, मी तुला वाचवायला गेले होते, हे मला तेव्हा समजलं. सगळा दोष स्वतःवर घेऊन तुला पुन्हा मोठा करायला निघाले होते. त्या बाईनं एका वाक्यात मला जागेवर बसवलं.

आणि मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांचा चेहराच बदलला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मंजे ते भांडे..."

दर उन्हाळ्यात वहिनी ऋतुजाला घेऊन पंधरा दिवस मोर्शीला जायच्या ना? परत आल्या की स्वयंपाकघर चकाचक असायचं. पितळेची भांडी चिंचेनं घासलेली, ओटा धुतलेला, डबे पुसून ओळीनं लावलेले. विचारलं की तू म्हणायचास, "बाई लावली होती." वहिनींनी एकदा शेजारणीला विचारलं, कोणती बाई, आम्हालाही लावून द्या. शेजारीण म्हणाली, कोणीच येत नव्हतं, ते घरी असले की तुमच्या घराचं दार तर आतून बंद असायचं. वहिनींना वेगळाच संशय आला होता, भाऊ. दोन वर्षं त्यांनी तो संशय मनात ठेवला. विचारायची हिंमत झाली नाही.

"मंजे तुमचा भाऊच घासत होता," त्या म्हणाल्या. "दार लावून!"

मला भडभडून आलं. तू, पन्नाशीकडे आलेला माणूस, दार आतून लावून पितळेचे गुंड, हंडे घासत बसलेला. कोणी पाहू नये म्हणून! मला वाटलं, बघा, माझा भाऊ मेला नव्हता, आत कुठेतरी होता. मी तसं बोलूनही गेले.

वहिनी ताडकन उठल्या. त्यांना मी इतक्या वर्षांत कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"तुमाले रडू येऊन रायलं? मले आग लागून रायली, ताई! इतके दिवस मी समजत होती का त्यायले येतच नाई. पुरुष माणूस, कोणं शिकोलं नसंन, म्हनून मी सोडून देल्लं. येत होतं! माह्यापेक्षा बरं येत होतं! अन् मी टाके पडलेलं पोट धरून पलंगावर पडली होती, तवा ते बाहेर बसले होते. येत होतं अन् केलं नाई!"

जे ऐकून मला तू परत मिळालास, तेच ऐकून त्यांनी तुला पुन्हा गमावलं.

ऋतुजा हळूच म्हणाली, "आत्या, बाबाले खरंच भाकर येत होती?"

"होय."

"चांगली?"

"टम्म फुगायची," मी म्हणाले. "मायच्या भाकरीपेक्षा गोल."

तिनं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. "मंग मले शिकोली कावून नाई? मी तवा रडून रायली होती. भाकर तुटत होती, तव्याले चिकटत होती. बाबानं ऐकलं होतं. आतमधी येऊन एक डाव दाखोलं असतं तं काय झालं असतं? मी काय कोणाले सांगणार होती?"

सांग भाऊ. दे उत्तर. मी तिला जवळ घ्यायला गेले, तिनं घेऊ दिलं नाही.

नंतर जेवलो. तिघीच. जेवण झाल्यावर मी ताटं उचलली आणि मोरीकडे गेले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. दरवेळी मी नुसतं उठायचं नाटक केलं की वहिनी म्हणायच्या, "राहू द्या ताई, चार दिवसाच्या पाहुण्या तुमी." काल त्या म्हणाल्या नाहीत. खाली बसूनच सांगितलं, "साबण खिडकीत आहे." मी भांडी घासली. ऋतुजानं धुतली. वहिनी आपल्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या. आम्हाला बघत. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

निघताना ऋतुजा स्टँडपर्यंत आली. बारावीनंतर तिला अमरावतीला शिकायला यायचंय, माझ्याकडे राहायला. आधी सगळं ठरलेलं होतं, आता ती काय म्हणते याची मला धास्ती होती. बस लागली तशी तिनं विचारलं, "तुमच्या घरी भांडे कोण घासते?"

"वार पाहून," मी म्हणाले. "सोमवार, बुधवार, शुक्रवार तुझे फुफाजी. बाकी मी. रविवारी पत्त्यांत जो हरला तो."

"मले किती वार?"

"दोन."

तिनं हिशेब केला. "मंग फुफाजीचे दोन अन् तुझे दोन. अन् रविवारी बाहेर जेवू." मग बसच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "येतो मी."

ती येणार आहे, भाऊ. जून महिन्यात.

मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. उद्याही असेन. एकाच वेळी तुझ्यासाठी जीव तुटतो आणि तुझ्या नावानं संताप येतो, असं होईल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू माझी परीक्षा होती म्हणून माझी भांडी घासलीस. तुझ्या पोरीची परीक्षा होती तेव्हा तू खुर्चीवर होतास. दोन्ही तूच. मी तुला कापून एकच अर्धा कसा ठेवू?

म्हणून एक वचन देते. ऋतुजा माझ्याकडे येईल तेव्हा तिला तुझी गोष्ट सांगेन, सगळी सांगेन. जिथे तू मोठा होतास तिथे मोठा, जिथे बसून राहिलास तिथे बसलेला. तुझ्या फोटोला हार घालून काही झाकणार नाही. आणि मोर्शीच्या मांडवात भर पंगतीत हसणारी ती पोरगी कोण होती, हेही दरवेळी सांगेन. नावासकट.

तुझी बहीण,
ज्योती